पट्टा लवकर थांबव

दादा उघड्या छातीनं माझ्यासमोर बसला होता आणि रेझर माझ्या हातात होता. केसांवर तारांच्या चकत्या चिकटत नाहीत, म्हणून स्ट्रेस टेस्टच्या आधी छातीवर जागोजागी केस काढावे लागतात. हे माझं रोजचं काम. त्या दिवशी मात्र ते करताना मला मजा येत होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

"हळू गं मास्तरीणबाई, कोंबडी सोलतेयस का?" दादा म्हणाला.

मी हसले नाही. अण्णा, आमचे वडील, गेल्यापासून मी त्याच्या विनोदांना हसणं सोडलं होतं.

त्या दुपारी अण्णांनी छातीवर हात दाबून धरला होता. मी ड्यूटीवर होते. घरी फोन केला तो दादानं उचलला. "काही नाही गं, छाती धरून बसलेत, गॅस झालाय. त्यांची सोंगं तुला नवीन आहेत का? संध्याकाळी दाखवू डॉक्टरला." गाडीची किल्ली तेव्हा त्याच्या खिशात होती. संध्याकाळपर्यंत अण्णा खुर्चीतल्या खुर्चीत गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा डोळे पुसत सांगत होता, "कुणाला काही कळलंच नाही हो, बसल्या बसल्या गेले." सगळ्यात मोठ्यानं रडलाही तोच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

पुढं त्याचीच छाती दुखली, तेव्हा मात्र त्याला गॅस आठवला नाही. धावत हॉस्पिटल गाठलं. अँजिओप्लास्टी झाली, रक्तवाहिनीत जाळी बसली आणि साहेब गावभर सांगत सुटले की आता नवं इंजिन आहे. आता काही महिन्यांनी वहिनीनं त्याला ओढत इथं आणलं होतं, कारण जिना चढताना तो मधेच थांबून बुटाची लेस बांधायचा. चपला घातलेल्या असतानासुद्धा.

मी तारा जोडल्या, दंडाला बीपीची पट्टी बांधली आणि त्याला चालायच्या पट्ट्यावर उभं केलं. डॉक्टरीणबाई पडद्यापलीकडं दुसऱ्या पेशंटचा कागद बघत होत्या. "रेघ खाली गेली की लगेच हाक मार," त्या मला म्हणाल्या.

दादानं माझं मनगट धरलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ, पट्टा लवकर थांबव. पाय दुखले म्हणून सांग. रिपोर्ट चांगला आला की तुझी वहिनी गप्प बसेल. मला पुन्हा त्या टेबलावर झोपायचं नाही."

"दुखतंय का छातीत?"

"छे. जाळी बसवलीय ना? विषय संपला."

विषय संपत नसतो. जखम भरावी तसं जाळीच्या आतून मांस भरत येतं. काहींच्यात ते गरजेपेक्षा जास्त वाढतं आणि वाट पुन्हा चिंचोळी होते. सावकाश चालताना ते कळत नाही, चढ लागला की कळतं. माझ्या पट्ट्यावर चढ असतो तो त्याचसाठी.

पट्टा सुरू केला आणि मला कळलं की त्यानं माझ्या हातात काय दिलंय. मला काहीच करायचं नव्हतं. मोठ्या भावाचं फक्त ऐकायचं होतं. चढ येण्याआधी बटण दाबायचं, तो चांगला कागद घेऊन घरी जाईल आणि एखाद्या दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या जाईल. कुणाला काही कळणार नाही. मला ते हवं होतं. बटणावर बोट ठेवून मी त्याच्या पाठीकडं बघत होते आणि मला ते अगदी मनापासून हवं होतं.

पहिला टप्पा संपला. त्यानं मान वळवून मला डोळ्यांनी खुणावलं. मी बोट काढून घेतलं आणि चढ वाढवला.

"अगं, थांबव."

"चाल."

त्याच्या कपाळावर घाम आला. मॉनिटरवरची ईसीजीची रेघ खाली झुकायला लागली. मी डॉक्टरीणबाईंना हाक मारली आणि त्या पडदा सारून येईतो दादाला विचारलं, "काय होतंय?"

"छातीत दुखतंय."

"गॅस असेल," मी म्हणाले आणि पट्टा थांबवला.

त्यानं माझ्याकडं बघितलं. समजलं त्याला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला ट्रॉलीवर आडवं केलं, जिभेखाली औषधाचा फवारा मारला. जाळीच्या आतच पुन्हा अरुंद झालं असावं, म्हणाल्या, आजच वरच्या मजल्यावर अँजिओग्राफीला न्यायचं. त्या फोन करायला गेल्या. मी त्याच्या छातीवरच्या चकत्या ओढून काढू लागले.

"ऐकलं असतंस तर घरी गेलो असतो," तो म्हणाला.

"आणि मेला असतास. तिकडं अण्णांचे पाय धरून, माफी मागून मोकळा झाला असतास. ते सुख मी तुला देणार नाही. तू जगायचंस, दादा, आणि छातीत जरा चमकलं की त्यांचा हात आठवायचास."

त्यानं नजर छताकडं वळवली. मग म्हणाला, "त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. तुझा फोन येऊन गेल्यावर पुन्हा. चल म्हणाले, गाडी काढ. मी मॅच बघत होतो."

हे मला माहीत नव्हतं. शेवटची चकती माझ्या हातात तशीच राहिली.

मी ट्रॉलीचा ब्रेक काढला. दाराबाहेर वहिनी त्याची चप्पल हातात घेऊन उभी होती.

"वर जाऊन नीट होऊन ये," मी त्याच्या कानाशी म्हणाले. "आणि खाली आलास की हे सगळं तिच्यासमोर सांग. मी उभी असेन."

मग मी ट्रॉली जोरात ढकलली, कारण आता उशीर करून चालणार नव्हतं.