कागदावर नसलेले टेबल

माझ्या फळीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात टाचण्यांची बारीक छिद्रे आहेत. कोपऱ्याशी ती दाट आहेत, पुढे विरळ होत जातात आणि वीतभर अंतरावर संपतात. नकाशाचा कागद तिथेच टोचला जाई.

मित्रांनो, मी नकाशे काढण्याचे एक जुने सरकारी टेबल आहे. बाजूची कळ सैल केली की माझी फळी हवी तितकी तिरपी करता येते. एकोणीस वर्षे माझ्यावर रस्ते आणि पूल आखले गेले. आमचे नकाशाकार माझ्यावर कुणाला चहाचा कप ठेवू देत नसत. "टेबल आहे, टपरी नव्हे," असे म्हणत. पुढे नकाशे संगणकावर निघू लागले आणि मला गोदामात हलवले.

बिनवापराचे सामान सेवाभावी संस्थांना द्यावे, असा आदेश आला. तेव्हा दिव्यांग मुलांच्या शाळेतल्या बाई एका मुलीला घेऊन आल्या. मुलगी दहा वर्षांची, चाकांच्या खुर्चीत बसलेली. मान खाली वाकवली की तिला दुखे. बाईंनी माझी फळी तिच्या नजरेसमोर उभी केली आणि कागद टोचला. ती पंधरा मिनिटे लिहीत होती.

"बाई, आज मान दुखलीच नाही," ती म्हणाली.

भांडारपाल काकांनी नोंदवही उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. कार्यालयात माझ्यासारखी दोन टेबले होती. वहीत त्यांचे क्रमांक सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस होते. पण क्रमांक रंगवताना काका पत्र्याचा साचा बदलायला विसरले होते, म्हणून आम्हा दोघांवर सत्तेचाळीसच उमटला. आता वही सांगत होती, सत्तेचाळीस क्रमांकाचे टेबल पूर्वीच दुसऱ्या कार्यालयाला गेले.

"बाई, कागदावर हे टेबल इथं नाहीच," काका म्हणाले.

"मग मी हात कशावर ठेवलाय, काका?"

झाडलोट करणाऱ्या मावशी पदराआड हसल्या. "कागदावर तर मीपण रोज दहाच्या ठोक्याला येते!"

मुलगीही हसली. काका हसले नाहीत. नोंद सुधारायची तर चूक कुणाची, हे लिहावे लागणार होते. त्यांच्या निवृत्तीला चारच वर्षे उरली होती आणि चौकशीची त्यांना धास्ती वाटत होती.

"बघू, पुढच्या महिन्यात," ते म्हणाले.

तो महिना तीन वर्षे आला नाही. बाई खेटे घालत राहिल्या. छपरातून पाणी गळून माझी डावी कड फुगली. काकांनी माझ्यावर ताडपत्री घातली. कळीला ते अधूनमधून तेल देत. माझ्यासाठी ते सगळे करीत, फक्त एक पत्र लिहीत नसत.

काल बाई एकट्याच आल्या.

"काका, तिनं लिहिणं सोडलं. मान फार दुखायची. आता शाळेतही येत नाही. घरी भेटायला गेले, तर मलाच विचारते, बाई, ते टेबल अजून कागदावर आलं नाही का?"



मित्रांनो, वस्तू पुसून, झाकून ठेवली म्हणजे ती जपली असे मलाही वाटायचे. पण जिला माझा उपयोग होता, तिच्यापासून मला दूर ठेवले, तर मी कसले जपले गेले? माझी फुगलेली कड सुतार तासून देईल. त्या मुलीची तीन वर्षे कोण भरून देणार? तुमच्याकडची बिनवापराची वस्तू ज्याला हवी आहे, त्याला ती वेळेवर द्या. तुमच्या हातून चूक झाली असेल, तर तीही वेळेवर सांगा.

आज सकाळी काकांनी ताडपत्री काढली.  मग त्यांनी साहेबांना फोन लावला. एकेक शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

"साहेब, अठ्ठेचाळीस नंबरचं टेबल इथंच आहे. आकडा चुकीचा पडलाय आणि ती चूक माझी आहे. माझ्या नावानं लिहा. टेबल मात्र आजच त्या पोरीकडे जाऊ द्या."