दारात परत आलेली पीडा

माणसाच्या घरात काय येतं यापेक्षा घरातून काय बाहेर जातं यावर त्याची अब्रू अवलंबून असते, हे महादेवरावांना फार उशिरा कळलं. आणि ते शिकवलं सीताबाईंनी, भर रस्त्यात.

वर्ध्याहून सेलूकडे जाताना नगरपालिकेची हद्द संपते, तिथून पुढे थोड्या अंतरावर गोकुळ लेआउट, प्लॉट पाडून वसलेली वस्ती. हद्दीच्या अलीकडे घंटागाडी गाणं वाजवत फिरते आणि नाक्यावरून माघारी वळते. ग्रामपंचायत म्हणते, तुम्ही शहरातले. शहर म्हणतं, तुम्ही पंचायतीतले. या वादात लेआउटचा कचरा कोपऱ्यातल्या रिकाम्या प्लॉटवर साचत गेला. तिथून डुकरं आली, डुकरांमागून कुत्री आली, आणि शेवटी प्रभाकरराव गुरुजींच्या स्वयंपाकघरात साप आला, तेव्हा कुठे लोकांना जाग आली. कचरा न्यायला कोणाला तरी लावायचं ठरलं. दोघंजण तयार होते, पण दोघांचीही अट एकच: लेआउट घेऊ तर सगळा, नाहीतर नाही. मग दोघांनाही आठवडा-आठवडा वापरून पाहायचं आणि पोळा झाल्यावरच्या रविवारी निर्णय घ्यायचा, असं ठरलं. लेआउटचे अध्यक्ष महादेवराव. एस.टी.त कंट्रोलर होते, त्यामुळे कोणती गाडी कुठे लावायची हे आपल्याशिवाय कोणाला कळत नाही, अशी त्यांची पक्की समजूत.

पहिला आठवडा शेजारच्या गावातल्या बचत गटाचा. बॅटरीवरची गाडी आणि ती चालवणाऱ्या सीताबाई. गाडीला भोंगा नव्हता, कारण सीताबाईंना त्याची गरज नव्हती. "कचरा आणा वोऽऽ" अशी हाक आली की झोपलेली पोरं उठून बसत. काम चोख, पण तोंडाला कुलूप नाही. बादली ओतता ओतता त्या घराची खबर घेत. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचं भरीत करपलं, सगळं मोकळेपणी बोलत. तिसऱ्या दिवशी त्यांनी महादेवरावांची बादली उलटी केली आणि तिथूनच विचारलं, "काऊन जी काका, डागदरनं तुमचं गोड बंद केलं म्हनता, मंग हे गोरसपाकचे पुडे कोनं खाल्ले?"

गोरसपाक म्हणजे वर्ध्याची तुपातली गोड बिस्किटं, आणि दारात महादेवरावांच्या पत्नी अनुसयाबाई उभ्या होत्या. महादेवरावांच्या साखरेचा हिशेब गेली कित्येक वर्षं त्याच ठेवत होत्या. त्या दिवशी महादेवरावांना दुपारच्या जेवणात फक्त उकडलेली दोडकी मिळाली.

त्यानंतर आला पुण्याच्या कंपनीचा आठवडा. स्वच्छांगण तिचं नाव. महादेवरावांचा मुलगा धीरज पुण्याला ज्या सोसायटीत राहतो तिथे हीच गाडी येते. ती मांजरीच्या पावलांनी येते, दोन रंगांचे डबे उचलते आणि जाते, कोणी कोणाला काही विचारत नाही. महादेवरावांनी हे पाहिलं होतं आणि त्यांचा जीव त्या शांततेवर जडला होता. कंपनीचा नियम मात्र कडक: ओला-सुका वेगळा केला नाही किंवा कचरा भलतीकडे टाकला, तर तो ज्याचा त्याच्या दारात परत. कौस्तुभ नावाचा पुण्याचाच सुपरवायझर होता, गोरा, नम्र, प्रत्येक वाक्याला "काका" म्हणणारा. त्यानं अध्यक्षांचा मान म्हणून महादेवरावांना कंपनीची निळी टोपी दिली. महादेवराव ती घालून भाजी आणायलाही जाऊ लागले.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग त्याच आठवड्यात बैठक झाली आणि गंमत संपली.

सदाशिवराव हे महादेवरावांचे शेजारी आणि सगळ्यात जुने मित्र. दोघांच्या घरांमध्ये कमरेइतकी भिंत. रोज सकाळी महादेवरावांनी दोन कप चहा त्या भिंतीवर ठेवायचा, पलीकडून सदाशिवरावांनी पेपर आणायचा, आणि मग एकाच बातमीवर दोघांनी वेगवेगळी मतं द्यायची. हा परिपाठ लेआउटमध्ये नळ यायच्या आधीपासूनचा. बैठकीत सदाशिवराव उभे राहिले आणि म्हणाले, "पुन्याच्या गाडीले आपली मानसं नाई समजत. सीताबाई बोलते, पन काम करते. मले तं गटाचीच गाडी पाह्यजे."

यावर महादेवरावांनी गप्प बसायला हवं होतं. पण दोडकी आठवली आणि तोंडातून निघून गेलं, "हाव, तुले पाह्यजेनच. सीताबाई तुही साळी लागते न."

लोक हसले. सीताबाई सदाशिवरावांच्या सासरच्या गावच्या होत्या, एवढंच. त्या न्यायानं अर्ध्या सेलू तालुक्यातल्या बाया त्यांच्या मेहुण्या ठरल्या असत्या. सदाशिवराव हसले नाहीत. दुखरा गुडघा धरून ते उठले आणि चालते झाले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पेपर आला नाही.

महादेवरावांनी सवयीनं दोन कप भरले होते. अनुसयाबाईंनी ते पाहिलं. "जाऊन बोला न त्यायच्याशी. कचऱ्यापायी मानूस टाकता काय?"

"मी काऊन जाऊ? तो गेला उठून."

"बोलले तुमी, अन् जायाचं त्यायनं?"

दुसरा कप महादेवरावांनीच प्यायला, गार झाल्यावर. खरं सांगायचं तर त्यांना करमत नव्हतं. स्वतः विकत आणलेल्या पेपरातल्या बातम्या त्यांना एकट्याला बरोबरच वाटत होत्या, आणि त्यात काही मजा नव्हती. त्यात रविवारच्या निर्णयाची भीती. गाडी कोणतीही आली तरी एक जण हरणार आणि भिंत कायमची उंच होणार, हे त्यांना दिसत होतं. पण अध्यक्षानं पाय मागे घ्यायचा कसा?

अशात पोळा आला. पोळ्याच्या दिवशी आपल्या भागात दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. त्यांना मेढे म्हणतात. घरातली वर्षभराची पीडा त्या मेढ्यांत शिरते आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते शिवेवर नेऊन टाकायचे, पीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या नावानं ओरडून. मागे वळून पाहायचं नाही, आणि टाकलेला मेढा पुन्हा घरी आणायचा तर प्रश्नच नाही. गोकुळ लेआउटची शिव म्हणजे नाल्यावरचा रपटा, पुरात पाण्याखाली जाणारा बुटका पूल. तिथे दरवर्षी महादेवराव आणि सदाशिवराव बरोबर जात. सदाशिवराव आपल्या मेढ्याला गुडघ्याचा जुना पट्टा बांधत, म्हणजे मारबतीला काय न्यायचं ते नीट कळावं. महादेवराव खोकल्याचा मफलर बांधत.

या वर्षी महादेवरावांना खोकला नव्हता. मेढा हातात घेऊन ते अंधारात अंगणात उभे राहिले. मग घरात गेले, खुंटीवरची निळी टोपी काढली आणि सुतळीनं फांदीला घट्ट बांधली. टोपी गेली की भांडणही जाईल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. असं कोणाला सांगायची मात्र त्यांची छाती नव्हती.

रपट्यावर सगळा लेआउट जमला होता. "ईडा पीडा, रोगराई, माश्या, मच्छर घेऊन जाय गे मारबत" असा गजर चालला होता. सदाशिवराव लंगडत आले आणि दुसऱ्या टोकाला उभे राहिले. महादेवरावांनी आपली फांदी ढिगावर टाकली. ओरडले सगळ्यांबरोबरच, पण "भांडण" हा शब्द तेवढा ओठांतच म्हटला.

आता झालं असं की, कंपनीच्या गाडीवरची पोरं इथलीच. ती सणाच्या सुटीवर. म्हणून कौस्तुभ स्वतः गाडी घेऊन आला, बाहेरगावची दोन माणसं सोबत घेऊन. रपट्यावर ढीगभर झाडकचरा पाहून तो हळहळला. इतकं समजावूनही लोक उघड्यावर टाकतात! नियम तर स्पष्ट होता. फांद्या कोणाच्या ते कळेना, म्हणून त्यानं अगदी न्यायानं वाटणी केली. लोक अंघोळी, देवपूजा आणि पोळ्याच्या पाडव्याच्या स्वयंपाकात गुंतलेले. मांजरीच्या पावलांची गाडी लेआउटभर फिरली आणि प्रत्येक फाटकासमोर एकेक फांदी ठेवून गेली.

पहिली किंकाळी अनुसयाबाईंची. महादेवराव धोतर सावरत बाहेर आले. फाटकात पळसाची फांदी आडवी पडली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं आपापल्या अंगणात उभी, फाटकाबाहेर पाय टाकायला एकही तयार नाही. आपली पीडा परत आली असती तरी एक वेळ ओळखीची होती. ही तर कोणाची कोणाला आलेली.

"मी हे काही मानत नाई," प्रभाकरराव गुरुजी आपल्या ओट्यावरून म्हणाले. ते जन्मभर विज्ञान शिकवत आले होते. "पन मले आज बाहेर काही काम बी नाई."

रस्त्याच्या मधोमध कौस्तुभ उभा. त्याचा चेहरा उतरला होता. "काका, मी नियमाप्रमाणेच केलं. उघड्यावर टाकलेलं परत दिलं."

"अरे बाप्पा," महादेवराव म्हणाले, "ते टाकलं नव्हतं. पाठवलं होतं."

मग त्यांनी फाटकातल्या फांदीकडे नीट पाहिलं. फांदीला गुडघ्याचा पट्टा बांधलेला होता. तपकिरी, घामानं काळवंडलेला, एका बाजूचा हूक तुटलेला. हा पट्टा त्यांनी स्वतः सदाशिवसाठी वर्ध्याच्या दुकानातून आणला होता, ज्या वर्षी सदाशिव जिन्यावरून पडला त्या वर्षी. या गुडघ्यानं तो माणूस बैठकीतून एकटा उठून गेला होता आणि आपण त्याला हात दिला नव्हता.

ते वाकले आणि फांदी उचलली.

"अवो, काय करता?" अनुसयाबाई घाबरल्या. "दुसऱ्याची पीडा हाये ते."

"दुसऱ्याची कायची? सदाशिवची हाये."

फांदी खांद्यावर टाकून ते फाटकाबाहेर पडले आणि रपट्याकडे निघाले. सगळा लेआउट बघत राहिला. मग प्रभाकरराव गुरुजी चपला घालून खाली उतरले. "मी मानत नाई म्हनून नेतो," असं म्हणत त्यांनी आपल्या दारातली फांदी उचलली. त्यानंतर कोणी थांबलं नाही. कोणाच्या खांद्यावर कोणाचा ताप होता, कोणाच्या हातात कोणाच्या घरचे ढेकूण होते, देव जाणे. कौस्तुभनंही हातमोजे काढले आणि एका म्हातारीच्या दारातली फांदी घेतली.

सदाशिवराव लंगडत महादेवरावांच्या शेजारी आले. त्यांच्या हातातल्या फांदीला निळी टोपी लटकत होती.

"हे तुही टोपी होय न?" सदाशिवरावांनी विचारलं.

"हाव."

"काऊन बांधली?"

"डोकं दुखत होतं."

"कवापासून?"

महादेवराव थांबले. खांद्यावरची फांदी त्यांनी सावरली. "बैठकीपासून. मी बोललो ते चुकलं, सदाशिव. लोकायपुढं बोललो, तं लोकायपुढंच सांगतो."

आणि रपट्यावर पोचल्यावर त्यांनी सांगितलं. अध्यक्षाच्या आवाजात, हात जोडून. सीताबाई सदाशिवची कोणी लागत नाही, आणि लागत असती तरी तिच्या कामाला त्यानं कमीपणा येत नाही. माझ्या कचऱ्यातले पुडे तिनं दाखवले म्हणून मला तिची गाडी नको होती. पुडे माझेच होते. एवढं ऐकल्यावर अनुसयाबाईंनी कपाळाला हात लावला, पण त्या हसत होत्या. गाडी कोणाची घ्यायची याला रविवार उजाडावा लागला नाही. ज्याला मारबत काय ते ठाऊक आहे, त्याच्याच हाती कचरा द्यायचा, असं तिथेच ठरलं. कौस्तुभनंही मान डोलावली. तो जाताना पुरणपोळी खाऊन गेला, बांधूनही घेऊन गेला.

फांद्या मात्र अजून हातातच होत्या. सदाशिवरावांनी आधी गळा साफ केला.

"महादेवची डोकेदुखी घेऊन जाय गे मारबत!"

"सदाशिवचा गुडघा घेऊन जाय गे मारबत!" महादेवराव ओरडले, पहाटेपेक्षा मोठ्यानं.

मारबतीनं डोकेदुखी नेली. गुडघ्याचं तिला जमलं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून महादेवरावांचाच उजवा गुडघा करकरू लागला. अनुसयाबाई म्हणाल्या, घ्या, दुसऱ्याची पीडा उचलली न. महादेवराव चहाचे दोन कप घेऊन लंगडत भिंतीकडे गेले. त्यांना त्या गुडघ्याचं काही वाईट वाटत नव्हतं. अर्धं दुखणं आपल्याकडे आलं, म्हणजे तिकडे अर्धं कमी झालं असेल, असा त्यांचा कंट्रोलरचा हिशेब होता.

सोमवारी सीताबाईंची हाक आली. महादेवरावांची बादली त्यांनी उलटी केली, दोनदा झटकली, आत डोकावून पाहिलं. फक्त भाजीची देठं होती. अनुसयाबाई दारातून समाधानानं पाहत होत्या. गाडी पुढे सरकली आणि सदाशिवरावांच्या फाटकाशी थांबली.

"काऊन जी," सीताबाईंचा आवाज लेआउटभर गेला, "तुमी तं गोडाले हात बी लावत नाई म्हनता. मंग हे गोरसपाकचे पुडे कायचे?"

भिंतीपलीकडे महादेवरावांचा कप ओठांपाशीच थांबला, आणि त्यांनी हळूच दारातल्या अनुसयाबाईंकडे पाहिलं.

सदाशिवरावांनी पेपरातून मान वर केली नाही. "आवडाले लागलं," ते म्हणाले, आणि पान उलटलं.