सरपंचपदासाठी सून

सात वर्षं ज्या सोयरिकीचं नाव काढलं की अर्जुनराव पाटलांच्या घरात भांडी आपटायची, तीच सोयरीक घेऊन अर्जुनराव गुरुवारी सकाळी बौद्धवाड्यात कचरूच्या दारी आले. बरोबर मुलगा अमरसिंह आणि पेढ्यांचा खोका. रिटायर एसटी ड्रायव्हर कचरूला आजवर ते नुसतं ‘कचरू’ म्हणत. आज ‘कचरूभाऊ’ म्हणाले आणि स्वतःच खुर्ची ओढून बसले.

कचरूच्या पोरीला, चैतालीला, आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एकतिशी उलटली होती. केजच्या खासगी शाळेत रोज एसटीनं जाऊन ती गणित शिकवायची, आणि अमरसिंहाची वाट बघून बघून तिची आशा पार शिळी झाली होती. बहिणीचं लग्न होऊ दे, आजीचं वर्षश्राद्ध होऊ दे, अण्णांचं, म्हणजे बापाचं, डोकं शांत होऊ दे. अमरसिंहाची कारणं कधी आटली नाहीत. तरी तो दिसला की तिचा हात केस सारखे करायला जायचाच. आजही गेला, आणि त्याचाच तिला जास्त कंटाळा आला.

आई पारूबाई पदरानं डोळे पुसत चहा टाकायला उठली.

“पोरीचं जातीचं सर्टिफिकेट हाय ना?” अर्जुनरावांनी विचारलं. “व्हॅलिडिटी बी निघालीय म्हनं?”

“हाय की,” कचरू म्हणाला. “पन लग्नाला ते कावून?”

तिथंच घोडं पेंड खात होतं. परवाच्या सोडतीत गावचं सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघालं होतं. वीस वर्षं घरात असलेली खुर्ची घरातच ठेवायची, तर घरात तशी सून हवी. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथं गाढव कोण, हे चैतालीला कुणी सांगायला नको होतं.

“रविवारी उरकून टाकू,” अर्जुनराव म्हणाले. “तुमच्या पद्धतीनं लावा, आमची ना न्हाई. सोमवारी अर्ज भरायचाय.”

चैताली अमरसिंहाकडे वळली. “सीट जनरल निघाली असती, तर आला असतास का?” चारचौघांत तिनं त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

“आता आलोय ना, चैते,” तो खाली बघत म्हणाला. “अण्णांना तयार करायला दुसरा रस्ताच नव्हता.”

तो खोटं बोलत नव्हता. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, अजूनही होतं, मेलं जातच नव्हतं.

“मंग ऐक. लग्नाला मी तयार हाय. रविवारीच लावू. पन अर्जावर सही करनार न्हाई.”

अर्जुनराव उठले आणि चपला घालू लागले. अमरसिंहानं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“मंग रविवारचीच घाई कशाला?” तो म्हणाला. “बघू की निवांत.”

दोघं गेले. चैतालीला रडू आलं नाही. सात वर्षांत पहिल्यांदाच तिला कशाची वाट बघायची उरली नव्हती, आणि ती उंबऱ्यातच बसून राहिली.