चार नंबरचा दोर

इंग्लंडमधल्या वेल्स शहरातल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याचा जिना इतका अरुंद, की पुढच्याची टाच आणि मागच्याचं नाक यांत वीतभरच अंतर राहतं. क्लिफर्ड पॉबजॉय मध्येच थांबला, तशी मागून बेरिल ओरडली, "चल रे म्हाताऱ्या, इथंच बिऱ्हाड मांडतोस की काय?"

"तुझ्यासाठी थांबलोय. तुझी धाप गावापर्यंत ऐकू जातेय."

सगळे हसले. क्लिफला बरं वाटलं. गावच्या चर्चमध्ये घंटा वाजवणारी ही सहा जणांची टोळी. वर्षातून एकदा वेल्सला यायचं, पाहुणे म्हणून अर्धा तास इथल्या मोठ्या घंटा वाजवायच्या आणि मग शेजारच्या बिशपच्या वाड्याभोवतीच्या खंदकाकाठी बसून डबे खायचे, हा त्यांचा जुना रिवाज. यंदा मात्र शेजारच्या गावची ग्वेन बरोबर होती. तीही घंटा वाजवायची. "सहज आलीय," डेस म्हणाला होता. डेस टोळीचा म्होरक्या आणि क्लिफचा शाळेपासूनचा दोस्त. खोटं बोलताना तो कान खाजवायचा. तेव्हाही खाजवला होता.

हिवाळ्यापासून क्लिफच्या हातून चुका होत होत्या. तोंडावर कोणी काही बोललं नव्हतं. पण आज धड वाजवलं नाही, तर ग्वेन आपल्या जागी उभी राहणार, हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता.

वर पोचल्यावर डेसने दोर वाटून दिले. "क्लिफ, तू दोन."

"मी चार असतो."

"गावात रे. इथली चार तुला जड जाईल. दोन हलकी आहे."

गावात तो जन्मभर चार नंबरच्या घंटेवर होता. गुत्त्यातसुद्धा लोक त्याला 'चार' म्हणूनच हाक मारत. तो दोन नंबरच्या दोरापाशी जाऊन उभा राहिला.

सुरुवात झकास झाली. घंटा एकीमागून एक ओळीने वाजत होत्या, एकही मागेपुढे होत नव्हती. क्लिफच्या अंगात जुना जोर आला. मग डेस क्रम बदलायला लागला. ज्याचा नंबर पुकारला, त्याने आपला दोर क्षणभर रोखायचा आणि सांगितलेल्या घंटेच्या मागून वाजवायचं.

"चार, पाचच्या मागे!"

क्लिफचे हात आपसूक थांबले. चार म्हटलं की ते थांबायचेच, त्याला विचारत नसत. त्याची घंटा रेंगाळली, भलत्याच घंटांमध्ये घुसली आणि सगळा कालवा झाला.

"दोन! क्लिफ, तू दोन आहेस!"

गडबडून त्याने दोर खेचला, तोही गावच्या जड घंटेला खेचायचा तसा. वर कडाड आवाज झाला. घंटेला पलीकडे उलटू न देणारा लाकडी टेका मोडला होता. दोर सरसर वर पळाला, आणि क्लिफ त्याला धरूनच राहिला.

"सोड! अरे, सोड!"

नवशिक्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. त्याने स्वतः कितीजणांना शिकवलं होतं. त्याने दोर सोडला तेव्हा तळहातांची सालं निघाली होती.

"लाकूडच आहे, बदलू," कॅथेड्रलचा माणूस समजुतीने म्हणाला. पण वाजवणं तिथेच थांबलं. वर्षभर वाट पाहिलेला सगळ्यांचाच अर्धा तास फुकट गेला.

खंदकाकाठी डबे उघडले. तिथले हंस वाड्याच्या खिडकीखालची दोरी चोचीने ओढतात, घंटी वाजते, आणि वरून खाणं पडतं.

"बघा, कसे न चुकता..." बेरिल बोलून गेली आणि तिने जीभ चावली. सगळ्यांत मोठ्याने क्लिफच हसला. पुढच्या वर्षी कुठं जायचं, हे दर वेळी इथंच ठरायचं. आज तो विषय कोणी काढला नाही.

क्लिफने खिशातून गावच्या चर्चच्या मनोऱ्याची किल्ली काढली. सरावाच्या दिवशी आधी जाऊन दार उघडायचं, शेगडी लावायची, हे काम त्याचं होतं.

"घे," तो डेसला म्हणाला. 'ठेव रे तुझ्याकडेच' एवढं डेस म्हणेल, म्हणूनच तर त्याने ती पुढे केली होती.

डेसने कान खाजवला. "तेच म्हणणार होतो. थंडीत तुला उगाच कशाला हेलपाटा?" त्याने किल्ली खिशात टाकली आणि ग्वेनकडे मीठ मागितलं.

समोर हंसाने पुन्हा दोरी ओढली. या खेपेला खिडकी कोणी उघडली नाही. तो ओढतच राहिला.