मावशीच्या हातावरचा थेंब

मी एक जुनी स्टीलची वाटी आहे. मित्रांनो, माझ्या पोटात आजवर बादल्याच्या बादल्या रक्त कालवलं गेलं, पण त्यातला एक थेंबही खरा नव्हता. साखरेचा पाक, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको, एवढाच तो मामला. चुकून तोंडात गेलं तर नट ओठ चाटून पुढचं वाक्य म्हणायचा.

माझी मालकीण कमी पैशांतल्या सिनेमांसाठी जखमा बनवायची. सगळे तिला मावशीच म्हणत. ती मला गरम पाण्यात ठेवून माझ्यात जिलेटिन आणि ग्लिसरीन वितळवायची आणि ते कोमट झाल्यावर नटाच्या गालावर बसवायची. एकदा चहावाला तिने केलेलं फुटकं कपाळ पाहून किटली टाकून पळाला. त्या दिवशी मावशीने मला स्वतःच्या पदराने पुसलं. मी नुसती फुगून गेले होते.

तिचा एक शिरस्ता होता. लावायचं ते आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. "मला सोसलं ना, मग सगळ्यांना सोसेल," असं ती म्हणायची. लोक तिचं कौतुक करत. चेहरा दुसऱ्याचा आणि परीक्षा मात्र हिच्या हाताची, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

मग तिच्या भाचीला पहिलं मोठं काम मिळालं. दिव्यांच्या उष्णतेने तिच्या गालावरची जिलेटिनची जखम घळाघळा वितळू लागली. दिग्दर्शक रडकुंडीला आला. "मावशी, टिकेल असं काहीतरी लावा हो. ही जागा फक्त आजच मिळालीय!"

मावशीने लेटेक्स काढलं. रबराचं ते पांढरं, उग्र वासाचं दूध तिच्या हाताला कधीच बाधलं नव्हतं. तिने ते माझ्यात ओतलं.

"मावशी, चुरचुरतंय गं," भाची म्हणाली.

"होतं तसं. हलू नकोस."

मित्रांनो, हे चार शब्द मला अजून टोचतात. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. थोड्याच वेळात पोरीचा गाल सुजला, डोळा मिटला, श्वास लागला. दवाखान्यात ती वाचली, पण तिचं काम दुसरीला गेलं. ती पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. मावशीनेही हा धंदा सोडला आणि माझ्यात केसांच्या पिना पडल्या. मला फार वाईट वाटलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

परवा भाची आली. आता ती चष्म्याच्या दुकानात बसते. तिने पिना ओतून मला धुतलं. "मावशी, एक जखम कर ना. जिलेटिनचीच."

मावशीने उठून माझ्यात जिलेटिन वितळवलं. सवयीने तिने थेंब स्वतःच्या हाताकडे नेला. भाचीने तिचं मनगट धरलं आणि आपली बाही वर सारली.

"इथे लाव. आणि उद्यापर्यंत थांबू."

माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. पोचे पडले तरी माझं काही अडत नाही. पण ज्याच्या चेहऱ्यावर लावायचं, त्याच्याच हातावर आधी थेंबभर लावा. आणि कोणी चुरचुरतंय म्हणालं, तर तेव्हाच धुऊन टाका.

दुसऱ्या दिवशी भाचीचा हात स्वच्छ होता. मावशीने तो दिव्याखाली धरून पुन्हा पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "एवढंच तर थांबायचं होतं गं."