न काटलेला कॅट

“नवा कॅट हाय, चंदर. अजून करकरीत हाय. वाट की.”

नागेशने पत्ते चंद्रभानच्या गुडघ्याजवळ सरकवले. चंद्रभानने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तिघात मेंढीकोट होत असतो का?”

“चौथा आणतो की. गावात रिकामटेकड्यांचा दुष्काळ पडलाय का?”

“भिडू न्हाई मला.”

“मिळंल.”

“भिडू म्हंजी काय तुझ्या च्यातली साखर हाय? न्हाई तर न्हाई म्हणून गूळ टाकला?”

पालमच्या एसटी स्टँडमागे नागेशचं चहाचं हॉटेल. दुपारची वर्दळ ओसरली की मागच्या ओट्यावर चौघांचा डाव बसायचा. नागेश आणि विहिरीच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा माऊली ही एक जोडी. स्टँडवरचा रिटायर कंट्रोलर चंद्रभान आणि शाळेतला रिटायर कारकून दत्तराव ही दुसरी. नागेश जिंकायला खेळायचा, माऊली हरू नये म्हणून आणि चंद्रभान भांडायला मिळावं म्हणून. दत्तराव कशासाठी खेळतो हे कधी कुणाला कळलं नाही. बहुतेक चंद्रभानच्या समोर बसायला मिळतं म्हणून.

ओट्याचा कायदा साधा होता. हरलेल्या जोडीने पिसायचं, जिंकलेल्याने काटायचं, मग वाटप. आणि हरल्यावर चंद्रभानने दत्तरावला सुनवायचं, “आता भिडू बदलावा लागतो.” दत्तरावने हसून म्हणायचं, “बदल बाबा. पण तुझ्यासमोर बसतंय कोण?”

दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात ते असेच हरले. चंद्रभान तेच बोलला, दत्तरावही तेच. मग दत्तरावने पत्ते पिसले, माऊलीपुढे ठेवले आणि म्हणाला, “काट.” माऊलीच्या हाताला मोटारीचं वार्निश लागलेलं. तो चिंधीने बोटं पुसत बसला. तेवढ्यात दत्तराव भिंतीला टेकला. परभणीला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तो कॅट काटायचा राहिला. चंद्रभानने तो उचलला, सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. हिवाळा गेला, सदरे बदलले, खिसा बदलला नाही. त्याची बायको बायनाबाई धुणं टाकताना आधी ते पुडकं काढून खिडकीत ठेवी आणि काही विचारत नसे. आत डाव लावलेला आहे, दत्ताने स्वतः लावलेला, अशी चंद्रभानची खात्री होती. उघडला तर दत्ताने पिसून ठेवलेली पानं हातात येतील. पण मग डाव संपेल. ज्याने आयुष्यभर भोंग्यावरून ओरडून लोकांना गाड्यांत बसवून दिलं, त्याला एवढी एक गाडी सोडवत नव्हती.

आज नव्या कॅटवरून हा वाद चालू असतानाच परभणीची बस लागली आणि दत्तरावची मुलगी सुकेशनी उतरली. परभणीला कॉलेजात गणित शिकवणारी. बापाच्या घराचं कुलूप काढून झाडझूड करायला महिन्यातून एकदा यायची.

“जय भीम, काका.”

“जय भीम. ये बाई, बस. नागेश, च्या टाक. साखर घाल, गूळ नको.”

चहा आला. चंद्रभानने खिशातून पुडकं काढलं.

“तू गणितातली हायस. एक सांग. पत्ते पिसून ठेवले, वाटले न्हाईत. तर पुढचा डाव त्यात ठरलेला असतो ना?”

सुकेशनीने रबराकडे पाहिलं. कॅट कोणता, हे तिला सांगायची गरज नव्हती.

“ठरलेला असतो. पण काका, बाबा कसं पिसायचे? पानांत पानं घुसवून?”

“छ्या! त्याला कुठं जमतंय तसलं. डाव्या हातात धरायचं अन् उजव्यानं वरचेवर टाकायचं. तीनदा. मग बोटाला थुंकी लावायची, झालं.”

“म्हणजे काहीच मिसळायचं नाही,” ती हसली. “पानांत पानं घुसवून पिसलं तरी सात वेळा पिसावं लागतं, तेव्हा आधीचा डाव बऱ्यापैकी पुसला जातो. तुमच्यासारखं टाकत-टाकत म्हणाल तर हजारोंदा. तीनदा पिसून आधीचा डाव हलतो, मोडत नाही. एका हातात, म्हणजे एका फेरीत, पडलेली चार पानं पुष्कळदा तशीच चिकटून राहतात.”

“म्हंजी ह्यात…”

“पुढचा डाव आहेच. पण तुमचा मागचा डावपण आहे अजून. बाबा खेळलेला.”

चंद्रभानने पुडकं दोन्ही हातांत धरलं. नागेश काही तरी टोमणा मारणार होता, तो त्याने चहाबरोबर गिळला.

“अन् वाटायचे कसे?” तिने विचारलं.

“ते नको इचारू,” नागेश म्हणाला. “आमी पाच-चार-चार टाकून मोकळे. तुझा बाप एक-एक पान वाटायचा. तवर माझं दूध उतू जायचं.”

“मग तर झालंच. चिकटलेली चार पानं, बहुतेक एकाच रंगाची, चौघांकडे एक-एक जाणार. सगळ्यांना सारखंच.”

माऊली ओट्यावर पुढे सरकला. तो एकदम म्हणाला, “आरं, म्हणून! दत्ताच्या वाटपात कुणावर कोट बसल्याचं मला तर आठवत न्हाई. चारी दश्श्या एका जोडीकडं कधी गेल्याच न्हाईत. मला वाटायचं, आपुनच लय हुशार.”

“तू अन् हुशार!” नागेश म्हणाला. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

स्टँडवर गंगाखेडची गाडी लागली आणि सुटली. चंद्रभानने मान वळवून तिची पाटी वाचली, सवयीने. मग त्याने रबर काढून मनगटात चढवलं.

“बस पोरी समोर.”

“काका, मला नीट येत नाही.”

“त्याला तरी कुठं येत हुतं?”

ती भिंतीला पाठ लावून बसली. चंद्रभानने कॅट माऊलीपुढे ठेवला.

“काट.”

माऊलीचे हात आज कोरडे होते, तरी त्याने ते धोतराला पुसले. हात पुढे येऊन थांबला. “मोडंल ना गा ते?”

“काटल्याने क्रम मोडत नाही, माऊलीकाका,” सुकेशनी म्हणाली. “फक्त सुरुवात दुसरीकडून होते.”

माऊलीने काटलं.

चंद्रभानने एक-एक पान वाटलं. नागेशचं दूध उतू गेलं, तो उठला नाही. पानं उचलली तर प्रत्येकाच्या हातात सगळं थोडं थोडं, जवळपास सारखं. दोन दश्श्या इकडे, दोन तिकडे. शेवटच्या हातापर्यंत काही कळेना. सुकेशनीने राखून ठेवायचा किलवरचा एक्का आधीच टाकून दिला होता, म्हणून एका हाताने गेला डाव.

“ह्यो एक्का असा टाकतेत का गं?” चंद्रभान ओरडला. “आता भिडू बदलावा…”

तो थांबला. सुकेशनी पानं गोळा करत होती. मान वर न करता ती म्हणाली, “बदला की काका. पण तुमच्यासमोर बसतंय कोण?”

नागेश दूध बघायला उठून गेला.

हरलेल्या जोडीने पिसायचं. चंद्रभानने पत्ते डाव्या हातात घेतले. एकदा टाकले. दुसऱ्यांदा टाकले. तिसऱ्यांदा.

“सात वेळा ना?” माऊलीने विचारलं.

“न्हाई,” चंद्रभान म्हणाला. “लय मिसळू न्हाई.”

त्याने बोटाला थुंकी लावली आणि कॅट खाली ठेवला.