सात इंच रुंद पट्टा

"खडीच्या रस्त्यावर समोरून गाडी दिसली की साऱ्या गावाचा पाय ब्रेकवर जातो. तुझ्या लेकाचा तेवढा जात नाही," टेक्ला म्हणाली, आणि सुरीला साबणाचं पाणी लावून तिने रबरात पहिला काप घेतला.

पट्ट्याचं दुसरं टोक तिच्या धाकट्या जावेने, हाफियाने, दोन्ही हातांनी धरलं होतं. तिच्या लेकाच्या, ओरेस्टच्या, गाडीखालून उडालेल्या दगडाने टेक्लाच्या गाडीची समोरची काच फुटली, तेव्हा शेजारच्या सीटवर हाफियाच होती. तुकडे तिच्या मांडीत पडले होते. ओरेस्ट धुरळ्यातून तसाच पुढे निघून गेला होता.

रविवारी चर्चच्या तळघरात, सगळ्यांच्या पुढ्यात बटाट्याच्या करंज्या असताना, तोच म्हणाला, "काकूच्या स्वतःच्या चाकांचे दगड उडतात. चाकांमागे रबराचे मडफ्लॅप लाव म्हणावं. आणि खरं सांगू, तिला आता दिसत नाही." लोक हसले. सोमवारी त्याने लायसन्सच्या ऑफिसला तसं पत्रच धाडलं. सॅस्कॅटूनहून टेक्लाच्या मुलाचा फोन आला: आई, गाडी विकून टाक. गाडी गेली की शेत जाणार, हे तिला शाळेत न जाताही कळत होतं. सगळ्यात जवळचं दुकान तीस किलोमीटरवर, खडीच्या रस्त्याने.

"चाकाचा दगड दाराला लागतो, काचेला नाही," टेक्ला म्हणाली. "एवढंही कळत नाही त्याला."

"ताई, पट्टा जाड आहे. जपून."

पट्टा ओरेस्टच्या बेलरचा होता. गवताचे गोल गठ्ठे बांधायचं ते यंत्र त्याने टेक्लाच्या शेडमध्ये न विचारता आणून ठेवलं होतं. त्यातल्या सात पट्ट्यांपैकी मधला तिने काढला. रुंदी सात इंच, बरोबर टायरएवढी. चार तुकडे झाले. उरलेल्याच्याही तिने चिंध्या केल्या. मग ते चार तुकडे गाडीच्या चाकांमागे धरून, चाकं पूर्ण वळवून रबर कुठे घासत नाही ना ते पाहिलं, भोकं पाडली, मोठे वॉशर घालून बोल्ट आवळले. जमिनीपासून चार बोटं अंतर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेला ढग दिसले आणि ओरेस्ट बेलर न्यायला धावत आला. गाडीपाशी थांबून वाकला. रबराला टिचकी मारली.

"ऐकलंस म्हणायचं शेवटी. झकास माल आहे, काकू. कुठे मिळाला?"

"जवळच."

तो हसत शेडमध्ये गेला. बाहेर आला तेव्हा त्याने आधी टेक्लाकडे पाहिलं, मग चाकांकडे.

"काकू. पट्टा."

"चांगले बसलेत ना?"

"ऐंशी एकर गवत कापून पडलंय माझं. नवा पट्टा यायला चार दिवस लागतील. संध्याकाळी पाऊस आहे." त्याचा आवाज चढला. "डोकं फिरलंय तुझं. थांब, आईला सांगतो."

पडवीचं दार उघडलं. हाफिया चहाचा कप घेऊन बाहेर आली.

"मला काय सांगतोस?" ती म्हणाली. "दुसरं टोक मीच धरलं होतं."

हाफियाने कप टेक्लाच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

टेक्लाने एक घोट घेतला. घाई केली नाही.

"तू ना थांबतोस, ना मागे वळून बघतोस, ओरेस्ट. आज थांबायचं. घरी जाऊन खिडकीत बस आणि गवत भिजताना बघ. नजर तुझी चांगली आहे."